कायदा नको, कलम घ्या : ‘विधेयकाचा प्रवास’ या आकृतीची समीक्षा

राज्यशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘कायदा कसा होतो’ या प्रकरणात एक आकृती असते. पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, तिसरं वाचन, दुसरं सभागृह आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. बाणांनी जोडलेल्या सहा चौकटी. नेट-सेटची तयारी करताना आपण ती पाठ करतो. ते ठीकच आहे, त्यावर प्रश्न येतो. अडचण पुढे सुरू होते. पीएचडीचा आराखडा लिहायला बसलं की हीच आकृती गुपचूप आपल्या संशोधनाची चौकट होऊन बसते. शीर्षक : ‘अमुक कायद्याची निर्मितिप्रक्रिया – एक अभ्यास’. कालखंड : विधेयक मांडलं त्या दिवसापासून सही झाली त्या दिवसापर्यंत. साधनं : सभागृहातल्या चर्चा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं.

तुमच्या आराखड्यात असं काही असेल, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी पुढचं वाचा.

आकृती चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०७ ते १११ मध्ये जी पद्धत दिली आहे, तिचंच ते चित्र आहे. विधेयक कोणत्या क्षणी वैध कायदा ठरतं, या प्रश्नाचं उत्तर ती अचूक देते. पण आपण तिच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मागतो : कायदा घडतो कसा? कोणी घडवला, कुठे घडला, त्यातला अमुक शब्द आला कुठून आणि गेला कुठे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की संशोधन सुरू होण्याआधीच अर्धं सामान बाहेर राहतं.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून उपयोग नाही, म्हणून एकच कायदा घेऊ : माहितीचा अधिकार. निवड मुद्दाम केली आहे. एक तर त्याची कागदपत्रं मिळतात. दुसरं म्हणजे तुमच्यापैकी बरेचजण विदा मिळवण्यासाठी हाच कायदा वापरणार आहात. म्हणजे तो कसा घडला हा तुमच्यासाठी फक्त अभ्यासविषय नाही, तुमच्या हातातलं अवजार आहे.

पहिल्या चौकटीच्या आधी

आकृतीप्रमाणे या कायद्याची गोष्ट डिसेंबर २००४ मध्ये सुरू होते, कारण तेव्हा विधेयक लोकसभेत आलं. मे २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, १५ जून २००५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. सहा महिन्यांची गोष्ट. नीटनेटकी.

आता थोडं मागे जा. १९७५ मध्ये राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी कारभाराची माहिती घेण्याचा लोकांना अधिकार आहे. डिसेंबर १९९४ पासून राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घ्यायला सुरुवात केली. गावातल्या कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची, आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनाच विचारायचं, हे पैसे मिळाले का? १९९६ मध्ये ब्यावरला धरणं झालं, ते ४० दिवस चाललं. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने कायद्याचा एक मसुदा तयार केला.

आणि मग राज्यं. सातव्या अनुसूचीत ‘माहितीचा अधिकार’ असा वेगळा विषय लिहिलेला नाही. केंद्राची वाट न बघता राज्यांनी आपापले कायदे केले : तमिळनाडू आणि गोवा १९९७ मध्ये, राजस्थान आणि कर्नाटक २००० मध्ये, दिल्ली २००१ मध्ये. महाराष्ट्राने २००० मध्ये एक कायदा केला, तो कमकुवत म्हणून टीका झाली, आणि सप्टेंबर २००२ मध्ये अध्यादेश काढून त्याच्या जागी नवा आणला. केंद्राचं २००४ चं विधेयक आलं तेव्हा देशात या विषयावरचे निम्मा डझनहून जास्त कायदे आधीच चालू होते. ते सगळे सारखे नव्हते. तमिळनाडूच्या कायद्यात अपवादांची यादीच लांबलचक होती. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या कायद्यात माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद होती.

संघराज्याचा अभ्यास करणाऱ्यांनी इथे थांबावं. आपल्याला सवय असते ‘केंद्र कायदा करतं, राज्यं अंमलबजावणी करतात’ असं लिहायची. इथे क्रम उलटा आहे. राज्यांनी आधी करून बघितलं, चुका झाल्या, दुरुस्त्या झाल्या, आणि केंद्राचा कायदा त्या सगळ्यांनंतर आला. ही काही एकट्याची गोष्ट नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आणि केंद्राचा २००५ चा. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने कायदा केला १९८८ मध्ये, संसदेने १९९४ मध्ये. सहा चौकटींच्या आकृतीत राज्य नावाची चौकटच नाही.

चौकटींच्या आत

बरं, आकृतीच्या आत जे घडतं ते तरी ती दाखवते का? ‘समिती’ ही चौकट बघा. पुस्तकात तिच्यावर दोन ओळी असतात. पण २००४ चं विधेयक जसं मांडलं गेलं, तसं ते फक्त केंद्र सरकारला आणि त्याच्या अखत्यारीतल्या संस्थांना लागू होणार होतं. म्हणजे तहसील कार्यालय, जिल्हा परिषद, महानगरपालिका, ग्रामपंचायत, सगळं बाहेर. विधेयक संसदीय स्थायी समितीकडे गेलं, मार्च २००५ मध्ये अहवाल आला, आणि मंजूर झालेला कायदा राज्यांनाही लागू झाला. आज माहितीचा अर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलाठ्याचं दप्तर आणि नगरपालिकेची बिलं येतात. ती या कायद्याच्या कक्षेत आली मधल्या त्या काही महिन्यांत.

मांडलेलं विधेयक आणि मंजूर झालेला कायदा समोरासमोर ठेवून वाचले तरच हे दिसतं. एकच वाचलं तर नाही. राज्यांचे स्वतःचे कायदे असताना केंद्राचा कायदा आपल्याला लागू होतोय, यावर राज्य सरकारांनी काय भूमिका घेतल्या, हा अख्खा प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

सही झाली, पण पुढे?

आकृतीतली शेवटची चौकट म्हणजे संमती. तिथे बाण संपतो. आता हे उदाहरण घ्या. २००५ च्या आधी केंद्राचा याच विषयावरचा एक कायदा होता : माहिती स्वातंत्र्य कायदा, २००२. संसदेने मंजूर केला, जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. सहाच्या सहा चौकटी पूर्ण. पण तो कधी लागू झालाच नाही. कारण कोणत्या तारखेपासून लागू होईल हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचं होतं, आणि ती अधिसूचना निघाली नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ३१ ने तो रद्द केला. एक दिवसही न जगलेला कायदा रद्द झाला.

म्हणून २००५ च्या कायद्यात लागू होण्याची मुदत कायद्यातच लिहिली गेली : काही कलमं ताबडतोब, उरलेली १२० व्या दिवशी. १२ ऑक्टोबर २००५ ही तारीख तिथून येते. ‘म्हणून’ हा शब्द मी सैलपणे वापरला हे तुमच्या लक्षात आलं असेल तर उत्तम. एकानंतर दुसरं आलं म्हणजे पहिल्यामुळे दुसरं आलं असं सिद्ध होत नाही. मसुदा करणाऱ्यांच्या डोक्यात २००२ चा अनुभव होता हे दाखवायला टिपणं, पत्रव्यवहार, समितीपुढची निवेदनं लागतील. पण प्रश्न विचारायची जागा मात्र हीच.

चळवळीची गोष्टही अपुरी

आकृतीवर वैतागलेले विद्यार्थी बऱ्याचदा दुसऱ्या टोकाला जातात. तिकडे एक वेगळी गोष्ट तयार असते : कायदा संसदेने केला नाही, चळवळीने खेचून आणला. महाराष्ट्रात ही गोष्ट जास्तच लोकप्रिय आहे, आणि तिला आधारही आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती आली. २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फायलींवरचे शेरे या कायद्यातून वगळण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली होती, तेव्हा देशभर विरोध झाला आणि ती दुरुस्ती संसदेत आलीच नाही.

पण ही गोष्ट काय समजावू शकत नाही तेही बघा. सगळ्यात आधी कायदा केला तमिळनाडूने, आणि तिथे तेव्हा राजस्थानसारखं आंदोलन झालेलं नव्हतं. जिथे आंदोलन सगळ्यात पेटलेलं होतं त्या राजस्थानचा कायदा तीन वर्षांनी आला. शिवाय चळवळीच्या गोष्टीत मसुदा लिहिणारे दिसत नाहीत. २००४ मध्ये राष्ट्रीय सल्लागार परिषदेने सरकारला शिफारशी पाठवल्या. संविधानात या परिषदेचं नाव नाही, आणि मैदानातही ती नव्हती. आकृतीत ती बसत नाही आणि उपोषणाच्या फोटोतही येत नाही.

दोन्ही गोष्टींचा दोष एकच आहे. दोघींना कायद्याचा एक जन्मदिवस हवा असतो. एकीला तो संसदेत सापडतो, दुसरीला मैदानावर.

‘विहित’ हा शब्द शोधा

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कुठलाही कायदा उघडा आणि त्यात ‘विहित करण्यात येईल असे’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. याचा अर्थ : हे आम्ही इथे ठरवत नाही, सरकार नियम करून ठरवेल. माहिती अधिकार कायद्याचं कलम २७ राज्य आणि केंद्र सरकारांना नियम करण्याचा अधिकार देतं. कलम २८ तोच अधिकार उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती, विधानसभेचे अध्यक्ष अशा सक्षम प्राधिकाऱ्यांना देतं. म्हणजे कायदा एक आणि नियम कितीतरी.

यातून काय होतं? जानेवारी २०१२ मध्ये महाराष्ट्राने नियमांत भर घातली : अर्ज एकाच विषयासंबंधी असावा, आणि सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. कर्नाटकने असाच नियम २००८ मध्ये केला होता. केंद्राच्या जुलै २०१२ च्या नियमांत मर्यादा ५०० शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही असंही तिथे लिहिलं आहे. संसदेने मंजूर केलेल्या मूळ कायद्यात शब्दमर्यादा नाही. ‘एकच विषय’ ही अटही नाही.

तुम्ही म्हणाल, १५० शब्द पुरेसे आहेत की. असतीलही. पण ‘एक विषय’ म्हणजे काय ते सांगा. समजा तुम्हाला एका जिल्ह्यातल्या शाळांची पटसंख्या आणि त्याच शाळांतली शिक्षकांची रिक्त पदं हवी आहेत. हा एक विषय की दोन? तुमच्या प्रबंधाच्या दृष्टीने एकच, कारण दोन्हींचा संबंध हाच तुमचा प्रश्न आहे. जन माहिती अधिकाऱ्याच्या दृष्टीने दोन असू शकतात, कारण फायली दोन टेबलांवर आहेत. ठरवणार कोण? आधी तो अधिकारी, मग प्रथम अपिलीय अधिकारी, मग राज्य माहिती आयोग. कायदा खऱ्या अर्थाने इथे आकार घेतो : जोडपत्र ‘अ’ भरून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून दिलेल्या अर्जावर एका कार्यालयात पडणाऱ्या शेऱ्यात.

शुल्काचंही तसंच. काही उच्च न्यायालयांनी आपल्या नियमांत अर्जाचं शुल्क इतकं ठेवलं होतं की सामान्य माणूस दोनदा विचार करेल. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत ते ५०० रुपये होतं. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अर्जासाठी ५० रुपयांपेक्षा आणि प्रतीसाठी पानामागे ५ रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये. कायद्याला तेव्हा तेरा वर्षं होत आली होती. एवढा काळ देशात एकाच अधिकाराची किंमत दारागणिक वेगळी होती.

नियमांवर विधिमंडळाचं लक्ष नसतं का? कागदावर असतं. कलम २९ म्हणतं की केंद्राचे नियम संसदेपुढे आणि राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावेत. ठेवले जाणं आणि चर्चा होणं यात मात्र फरक आहे. तुमच्या विषयातल्या नियमांवर सभागृहात किती वेळ चर्चा झाली हे शोधून बघा.

दुरुस्ती दुसऱ्याच दारातून

दोन दुरुस्त्या सांगतो, कारण त्यांतून शोध कसा घ्यायचा हे कळतं.

पहिली, २०१९ ची. मूळ कायद्यात माहिती आयुक्तांचा कार्यकाळ पाच वर्षं असा लिहिलेला होता. दुरुस्तीने तिथे ‘केंद्र सरकार विहित करेल तेवढा’ असं आलं, आणि वेतनाचंही तसंच झालं. ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी कार्यकाळ तीन वर्षांवर आणला. बघा, पुन्हा ‘विहित’. आणि हे राज्यांच्या आयुक्तांनाही लागू आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माहिती आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करणार, पण कार्यकाळ आणि वेतन दिल्ली ठरवणार. हे विधेयक स्थायी समितीकडे गेलं नाही, जुलै महिन्यातच दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे, पण ते धोरण आहे, कायदा नाही. ते पाळलं गेलं नाही तर विधेयक अवैध ठरत नाही.

दुसरी दुरुस्ती तुम्ही ‘माहिती अधिकार दुरुस्ती’ असं शोधलंत तर सापडणारच नाही. ती आहे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४ मध्ये. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी काही अटी होत्या : त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होत असावं. नव्या शब्दरचनेत या अटी गेल्या, आता माहिती वैयक्तिक आहे एवढं पुरेसं. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची वाट उरली आहे. हा बदल संमत झाला ऑगस्ट २०२३ मध्ये आणि लागू झाला नोव्हेंबर २०२५ मध्ये. हजेरीपत्रकावरची नावं वाचून सुरू झालेल्या कायद्यात नावांचं काय होणार, हा प्रश्न आता अधिकाऱ्यांपुढे आणि आयोगांपुढे येईल. हा बदल काहींना खासगीपणासाठी आवश्यक वाटतो, काहींना घातक. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, पण तो कुठे लिहिला आहे हे माहीत असल्याशिवाय वाद घालता येणार नाही.

मग सीमा कुठे आखायची?

इथे एक रास्त आक्षेप येतो. आधीचं सगळं घ्या, नंतरचं सगळं घ्या, राज्यं घ्या, नियम घ्या, न्यायालयं घ्या, मग प्रबंध पूर्ण व्हायचा कधी? आकृतीची एक मोठी सोय होती, तिला सुरुवात आणि शेवट होता. ती काढून घेतली तर हातात फक्त पसारा उरतो.

आक्षेप बरोबर आहे. माझं उत्तर शीर्षकात आहे : कायदा नको, कलम घ्या. एक तरतूद निवडा आणि तिचा माग काढा, मागे आणि पुढे. उदाहरणार्थ दंड. २००२ च्या केंद्रीय कायद्यात दंडच नव्हता. महाराष्ट्राच्या २००२ च्या कायद्यात उशिराच्या प्रत्येक दिवसाला २५० रुपये होता. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात कलम २० मध्ये दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये आहे. आकडा तोच. महाराष्ट्राकडून घेतला असेल का? आकडा जुळणं हा पुरावा नाही, संशय आहे. मधली कागदपत्रं सापडली तर तो निष्कर्ष होईल. मग पुढे : आयोगांनी हा दंड प्रत्यक्षात किती वेळा लावला? वसूल किती झाला? अशी एक तरतूद तुम्हाला चळवळीतून राज्यात, राज्यातून संसदेत, संसदेतून आयोगाच्या आदेशात घेऊन जाईल, आणि तरी प्रबंध तीन-चार वर्षांत आटोपेल.

साधनं सगळी उघड आहेत. राजपत्रं, मांडलेलं आणि मंजूर झालेलं विधेयक, स्थायी समितीचा अहवाल आणि त्यातली भिन्नमतं, नियमांच्या अधिसूचना, आयोगाचे आदेश, उच्च न्यायालयाचे निवाडे. आराखडा लिहिण्याआधी एक काम करा. तुमच्या कायद्यातलं एक कलम एका कागदावर वर लिहा. खाली तीन रकाने आखा : हे शब्द आधी कुठे होते, हे शब्द कोणी बदलले, आज यांचा अर्थ कोण ठरवतं. पहिल्या आठवड्यात बहुतेक जागा रिकाम्या राहतील. त्या तशाच ठेवा आणि मार्गदर्शकांना दाखवा. कागदपत्रं मागवायची वेळ आली की अर्ज महाराष्ट्रातल्या कार्यालयात करायचाय की केंद्राच्या, हे आधी बघा. शब्द त्याप्रमाणे मोजावे लागतील.